पोकळीभोवती बांधलेले विमान

लुइजी स्तिपा या इटालियन अभियंत्याने कल्पिलेल्या, काप्रोनी कारखान्याने बांधलेल्या आणि 7 ऑक्टोबर 1932 रोजी दोमेनिको अंतोनिनी या वैमानिकाने प्रथम आकाशात नेलेल्या त्या एकमेव विमानाची 1:48 प्रमाणातील प्रतिकृती, कोणत्याही तयार संचाचा आधार न घेता, मी घडवावयास घेतली त्यास आता बराच काळ लोटला आहे. ते काम तडीस गेल्यावर मागे वळून पाहताना वाटते की, पंखा नळीत कोंडला की त्याची कार्यक्षमता वाढते, हा स्तिपांचा विचार मला आराखड्यांपेक्षा लाकडानेच अधिक स्पष्ट करून सांगितला.

या विमानाचा देह म्हणजे दोन्ही तोंडे उघडी ठेवलेले एक अजस्र पिंप: अग्रमुखाशी पंखा, आत टांगलेले 120 अश्वशक्तीचे जिप्सी इंजिन आणि पाठीवरील उंचवट्यात एकामागे एक दोन आसने. इतर प्रतिकृतींत आतील पोकळी दृष्टीआड जाते आणि तेथील उणीव खपून जाते. येथे पोकळी हेच विमान असल्यामुळे सारा हिशेब आतून बाहेर मांडावा लागला. कातारी गाठून सागवानी गाभा कातून घेतला आणि घशाशी, जेथे पोकळी सर्वांत अरुंद, तेथे तो दुभागून ठेवला, म्हणजे त्यावर बाल्साच्या पट्ट्या सरसाने जोडून झाल्यावर एक भाग पुढील तोंडातून व दुसरा मागील तोंडातून सुखरूप निघावा. मग काडीला काचपेपर गुंडाळून आतून घासणे, लांबी भरणे, पुन्हा घासणे आणि इंजिन बसविण्यापूर्वीच रंग देणे.

शेपटाची सुकाणू नळीच्या मागील मुखालगत बसविताना एक उलगडा झाला. पंख्याचा सारा झोत त्यांवरूनच जात असे, आणि विमान इतके स्थिर होते की दिशा बदलणे वैमानिकास जड जाई. ताशी अवघ्या 68 किलोमीटर वेगाने ते उतरू शके. परंतु कमाल वेग 131 च्या पुढे गेला नाही, कारण नळीने पंख्यास जे मिळवून दिले ते तिच्याच स्थूल देहास होणाऱ्या हवेच्या विरोधात खर्ची पडले. वायुदलाने चाचण्या घेतल्या, पण दुसऱ्या विमानास मंजुरी मिळाली नाही.

जर्मनीच्या व्ही-1 अस्त्राचे इंजिन आपल्याच कल्पनेवरून उचलले गेले, हा स्तिपांचा दावा मला मान्य करता येत नाही; त्या इंजिनात पंखाच नव्हता. त्यांची खरी कैफियत ऑस्ट्रेलियाने मांडली: 2001 साली तेथे तीन-पंचमांश आकाराची प्रतिकृती माणसासह उडाली, आणि सुमारे 600 मीटरांच्या त्या अल्प उड्डाणानेही त्यांचे गणित हवेत तग धरते हे पुन्हा सिद्ध केले.