युद्ध संपल्यानंतरचा युद्धपट

'1971' हा अमृत सागर यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. 9 मार्च 2007 रोजी तो प्रदर्शित झाला आणि फारसा गाजावाजा न होता चित्रपटगृहांतून उतरला. चारच दिवसांनी वेस्ट इंडीजमध्ये क्रिकेटचा विश्वचषक सुरू झाला. बेताच्या पैशांत काढलेल्या, बडा नट नसलेल्या चित्रपटासाठी याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. पुढे 55 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला, तरी युद्धपटांचा विषय निघाला की 'बॉर्डर' आठवतो, '1971' नाही.

नावात युद्धाचे वर्ष असले तरी कथा घडते 1977 साली. पाकिस्तानातल्या निरनिराळ्या तुरुंगांतून आणलेले भारतीय युद्धकैदी चकलालाच्या छावणीत एकत्र येतात. आता घरी पाठवणी होणार, अशी त्यांची समजूत. प्रत्यक्षात रेड क्रॉसच्या नजरेस पडू नयेत म्हणून त्यांना दडवलेले असते. हे उमगल्यावर 14 ऑगस्टच्या उत्सवाची गडबड साधून सहा जण निसटतात आणि बर्फाळ डोंगरांतून सरहद्दीकडे निघतात.

रणगाड्यांच्या रांगा किंवा विमानांचे ताफे इथे नाहीत. असते तर चित्रपट बिघडला असता. कोठडी, लष्करी ट्रक, बर्फ आणि थकलेले चेहरे एवढ्यावर सगळा ताण उभा राहतो, कारण प्रश्न लढाई जिंकण्याचा नसून आपण अजून जिवंत आहोत हे जगाला कळवण्याचा आहे. मनोज बाजपेयी यांचा मेजर सूरज सिंह क्वचितच आवाज चढवतो. दीपक डोब्रियाल आणि रवी किशन यांच्या थट्टामस्करीमुळे ही माणसे पुतळे वाटत नाहीत. मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्या पाकिस्तानी स्त्रीचे उपकथानक मात्र पुरेसे मुरलेले नाही.

मल्हारगंजातल्या इंदूरकर प्रेक्षकाला यात ओळखीचे बरेच सापडेल. कथा लिहिणारे पीयूष मिश्रा ग्वाल्हेरचे, नटांपैकी मानव कौल होशंगाबादेत वाढलेले, कुमुद मिश्रा रीवाकडचे. महूची छावणी तर शहराला लागूनच. ढाक्यात शरणागती पत्करणारे जनरल नियाझी यांनाही मध्य प्रदेशातच, जबलपूरला, कैदेत ठेवले होते.

चित्रपटातला पलायनाचा प्रसंग कल्पित असला तरी त्याला प्रत्यक्षातला जोड आहे, आणि त्यात एक मराठी नाव ठळक आहे. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे सुखोई-7 विमान 10 डिसेंबर 1971 रोजी पाडले गेले. ऑगस्ट 1972 मध्ये ग्रेवाल आणि हरिश सिंहजी या साथीदारांसह ते रावळपिंडीच्या छावणीतून भिंतीला भोक पाडून निसटले आणि पेशावरमार्गे खैबर खिंडीतल्या लंडी कोतलपर्यंत पोहोचले. तिथे त्यांनी लंडी खानाला कसे जायचे, अशी चौकशी केली. ते रेल्वे स्थानक 1932 पासून बंद होते! जुन्या नकाशाने घात केला. अफगाण सरहद्द अवघ्या काही मैलांवर राहिली. 1 डिसेंबर 1972 रोजी ते भारतात परतले. 2019 चा 'द ग्रेट इंडियन एस्केप' या घटनेवरच बेतलेला आहे.

काही जण परतलेच नाहीत. 54 बेपत्ता भारतीय सैनिक पाकिस्तानच्या कैदेत असल्याचे त्यांचे नातेवाईक म्हणत आले. पाकिस्तानने ते कायम नाकारले. त्या यादीत फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे आहेत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. पतीचा शोध त्यांनी अनेक दशके चालू ठेवला. चित्रपट उतरल्यानंतर, जून 2007 मध्ये, बेपत्ता सैनिकांचे 14 नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले. त्यांना आपले कोणी भेटले नाही.

कोविडच्या टाळेबंदीत '1971' यूट्यूबवर विनामूल्य उपलब्ध झाला. तिकीटबारीवर जो प्रेक्षक फिरकला नव्हता, तो तिथे कोट्यवधींच्या संख्येने आला.