वर्गाबाहेरचे महाराजा कॉलेज

म्हैसूरचे महाराजा कॉलेज कला शाखेचे. 1916 साली म्हैसूर विद्यापीठ निघाले, त्यात ते आले. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक सर्वपल्ली राधाकृष्णन 1921 मध्ये कलकत्त्याला निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी फुलांनी सजवलेल्या बग्गीचे घोडे सोडले आणि ती स्वतः ओढत स्टेशनवर नेली. असा निरोप व्याख्यान रंगवणाऱ्यालाच मिळतो. आर. के. नारायण इथलेच पदवीधर. कवी कुवेंपू इथेच शिकले, इथेच शिकवू लागले, प्राचार्य झाले आणि पुढे कुलगुरूही. विद्यापीठाच्या प्रसारांग विभागाने तर व्याख्याने खेड्यांत नेली आणि ती सोप्या कन्नडमध्ये, छोट्या, स्वस्त पुस्तिकांतून छापली. कॉलेजची पायरी कधी न चढलेल्यांपर्यंतही ती पोहोचली.