घरातली नमाजची जागा

२०२० चा रमजान आठवतो ना? २५ एप्रिलला पहिला रोजा होता. टाळेबंदी चालू होती. अजान ऐकू यायची, पण मस्जिदीचं दार बंद. बहुतेक घरांप्रमाणे आमच्याही घरी तरावीह घरातच पढायचं ठरलं.

घर तीन खोल्यांचं. बैठकीच्या खोलीतला टीपॉय आत सरकवला, टीव्हीवर चादर टाकली आणि धुतलेली सतरंजी अंथरली. मुलांचे अब्बा पुढे, त्यांच्या उजव्या बाजूला मुलगा. मागच्या सफमध्ये आम्ही, दोन्ही मुली आणि अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून सफच्या टोकाला, खिडकीजवळ त्यांची खुर्ची. अब्बांना शेवटच्या पाऱ्यातल्या सूरा पाठ होत्या. तेवढ्यावरच महिनाभर तरावीह झाली.

अम्मी सत्तरीच्या. आयुष्यभर रमजानमध्ये सगळे मस्जिदीकडे गेले की त्यांनी इफ्तारीची भांडी आवरली आणि मग एकटीनं नमाज पढली. जमातीत सामील व्हायची त्यांची ही पहिलीच वेळ.

पुढे निर्बंध उठले, मस्जिदी उघडल्या. पुरुष आनंदानं परतले, आणि परतायलाच हवं होतं. सतरंजीची घडी झाली, टीपॉय जागेवर आला, खुर्ची बाल्कनीत गेली. एका रात्री पानदान उघडता उघडता अम्मी म्हणाल्या, "मस्जिद उघडली, पण आमची बंद झाली."

वर्गासमोर बोलणं हा आमचा रोजचा व्यवसाय, पण त्या वाक्याला उत्तर सुचलं नाही.

इतबान (रजि.) यांचं घर

उत्तर सापडलं ते एका हदीसमध्ये. हजरत इतबान बिन मालिक (रजि.) हे मदिनेचे अन्सारी सहाबी, बद्रच्या लढाईत सहभागी झालेले. आपल्या लोकांची इमामत तेच करत. पुढे त्यांची नजर कमजोर झाली. पाऊस पडला की घर आणि मस्जिद यांच्या मधला ओढा भरून वाहायचा आणि जाणं अशक्य व्हायचं. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विनंती केली की आपण माझ्या घरी येऊन एखाद्या जागी नमाज पढावी, म्हणजे तीच मी माझी नमाजची जागा करीन.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर प्रेषित (स.) हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यासह आले. बसण्याआधीच त्यांनी विचारलं की घरात कुठे नमाज पढू? इतबान (रजि.) यांनी एक कोपरा दाखवला. तिथे जमातीनं दोन रकात नमाज झाली. मग पाहुण्यांना मांस आणि पीठ घालून शिजवलेला घरचा पदार्थ खायला थांबवून घेतलं.

हाच प्रश्न आज आपल्या दारात कुणी विचारला तर आपण कोणता कोपरा दाखवू? शोकेसची जागा ठरलेली असते, फ्रिजची असते. जानमाज मात्र ज्याला जिथे मोकळं सापडेल तिथे अंथरली जाते.

मक्का, मदिना आणि बैतुल मुकद्दस यांची थोरवी वेगळीच. पण या उम्मतसाठी सारी जमीनच मस्जिद केली गेली आहे, हेही आपल्याला शिकवलेलं आहे. पुरुषांनी फर्ज मस्जिदीत पढावी, पण सुन्नत आणि नफिल घरी पढणं उत्तम, घरांची कबरस्तानं करू नका, ही ताकीदही हदीसमध्येच आहे.

घडी ओळखायची कशी?

हजरत मूसा (अलै.) तुवाच्या पवित्र खोऱ्यात पोहोचले ते जियारतीला निघून नव्हे. घरच्यांसाठी विस्तव आणायला गेले होते. तिथे जोडे काढण्याचा हुकूम झाला, तेव्हा ती जागा कोणती ते कळलं. घरकामाच्या वाटेवरच ती जागा भेटली.

आपल्याही दिवसात अशा घड्या येतात. अजान आणि इकामत यांच्या मधली वेळ दुआ कबूल होण्याची. जुम्याच्या दिवशीही एक घडी अशी असते. अनेक उलमांच्या मते ती असरनंतर, सूर्य मावळण्याआधीची. रोजेदाराची इफ्तारच्या वेळची दुआ परतवली जात नाही. आणि नेमक्या त्याच वेळी घरातल्या बाया कढईसमोर भजी तळत असतात! भजी दहा मिनिटं आधी उतरली तर थोडी गार होतील, एवढंच. पहिला पाऊस आला की आपण आधी दोरीवरचे कपडे काढायला धावतो. प्रेषित (स.) अंगावरचं वस्त्र जरा बाजूला करून पाऊस अंगावर घेत, कारण तो नुकताच आपल्या रबकडून आलेला असतो.

आता

आम्ही फार मोठं काही केलं नाही. टीपॉय विकून टाकला. खिडकीजवळची जागा कायमची मोकळी ठेवली, अम्मींची खुर्ची बाल्कनीतून परत आणली. पुरुष फर्ज मस्जिदीतच पढतात, सुन्नत मात्र घरी येऊन, मुलांच्या देखत. इशाला घरातल्या आम्ही सगळ्याजणी मिळून उभ्या राहतो. परीक्षेच्या दिवसांत धाकटी तिथेच पुस्तक घेऊन बसते. चिडलेलं माणूसही तिथे आवाज चढवत नाही. असा नियम कुणी केला नव्हता, आपोआप झाला.

कयामतच्या दिवशी जमीन आपल्या पाठीवर काय काय घडलं ते सांगेल, असं कुरआन सांगतं. आमच्या बैठकीतल्या त्या चार फरशाही बोलतील. एका म्हातारीची खुर्ची आम्ही उचलून बाल्कनीत नेली, हेही त्या सांगतील. ती परत आणली, हेही सांगाव्यात एवढीच दुआ.

आज मगरिबच्या आधी आपल्या घरात एक फेरी मारून पाहा. कोपरा सापडेल. आणि तो ठरवताना घरातल्या सर्वात वडील बाईला आधी विचारा.