आरोग्य विम्यातील दावा-नकार आणि न्याय्यता
आरोग्य विम्याचा करार परम सद्भावाच्या तत्त्वावर आधारलेला असून ते उभय पक्षांवर बंधनकारक असते. अर्जदाराने पूर्वीचे आजार सांगावेत, ही अपेक्षा रास्तच; परंतु पुरेशी चौकशी न करता हप्ते स्वीकारावयाचे आणि रुग्ण इस्पितळात दाखल झाल्यावर जुनी कागदपत्रे धुंडाळावयाची, ही रीत न्याय्य ठरत नाही. मनमोहन नंदा प्रकरणात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने, अर्जात उघड केलेल्या आजाराचे कारण देऊन पुढे दावा नाकारता येणार नाही, असा निर्वाळा दिला. सलग ६० महिने विमा चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याचा आक्षेप घेता येत नाही; २०२४ पूर्वी ही मुदत ८ वर्षांची होती. त्याआधी उद्भवणारे वाद मात्र शिल्लकच राहतात. निदानच न झालेला मधुमेह अर्जदार सांगणार तरी कसा? माहिती दडविल्याचे सिद्ध करण्याचा भार कायद्याने कंपनीवर आहे. प्रत्यक्षात तो पुष्कळदा रुग्णाच्या कुटुंबावर येऊन पडतो.