लंडनचे वार्तापत्र : पाळवणकर बाळू आणि इंग्लंडचे पगारी गोलंदाज

लंडन : 1911 च्या उन्हाळ्यात पहिला अखिल भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर आला. पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग कर्णधार होते. संघ 23 पैकी 15 सामने हरला. पण डावखुरे संथ गोलंदाज पाळवणकर बाळू यांनी एकट्याने 114 बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाचे तर एकाच डावात 8 गडी बाद केले. या कामगिरीचे मोल कळायला इथल्या क्रिकेटची जुनी घडण पाहावी लागते.

त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूंचे दोन वर्ग होते. हौसेने खेळणारे ते ‘जंटलमेन’, काउंटीचा पगार घेणारे ते ‘प्लेअर्स’. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, अनेक ठिकाणी मैदानात उतरण्याची फाटकेही वेगळी. छापील धावपत्रिकेत हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाआधी येत, पगारी खेळाडूची नंतर. पुढे लॉर्ड्सवर एकदा पगारी खेळाडूचे ‘एफ. जे. टिटमस’ हे नाव ‘टिटमस, एफ. जे.’ असे वाचावे, अशी दुरुस्ती ध्वनिक्षेपकावरून जाहीर झाली होती. फलंदाजीचा मान हौशींचा; दिवसभर घाम गाळून गोलंदाजी करायची ती बहुतांशी पगारी माणसांनी. मात्र त्या कष्टांना करार होता, वेतन होते, आणि दीर्घ सेवेनंतर ‘बेनिफिट’ सामन्याचे उत्पन्नही मिळे.

धारवाडला चांभार कुटुंबात जन्मलेले बाळू याच कष्टांतून घडले. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर ते रोलर फिरवत, जाळी बांधत आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करत. बॅट हाती येत नसे. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, पण चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. 1906 साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्या संघाचे ते प्रमुख गोलंदाज होते.

इंग्लंडमधला भेद कुळाचा आणि पैशाचा होता; पगारी गोलंदाजाच्या स्पर्शाने इथे कुणाला विटाळ होत नव्हता. बाळूंच्या वाट्याला पगारी माणसाचे कष्ट आले आणि वर अस्पृश्यताही आली. कर्णधारपद मात्र दोन्हीकडे सारखेच दुर्लभ. विसाव्या शतकात इंग्लंडचे नेतृत्व करणारे पहिले पगारी खेळाडू लेन हटन. तो मान त्यांना 1952 साली मिळाला. हौशी-पगारी हा भेद 1962 मध्ये संपला. हिंदू संघाची धुरा बाळूंकडे कधीच रीतसर आली नाही. 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि संघाने युरोपियनांना हरवले.

बाळूंचे निधन 1955 साली मुंबईत झाले. प्रथम दर्जाच्या 33 सामन्यांत त्यांनी 179 बळी घेतले, तेही बळीमागे अवघ्या 15 धावांच्या सरासरीने. त्या काळच्या कोणत्याही काउंटीला असा गोलंदाज हवासा वाटला असता.