प्रॉक्सीची वही काय सांगते, काय सांगत नाही

शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरण्याचा शेवटचा दिवस होता. संगणक कक्षात २४ संगणक, प्रत्येकापुढे दोघे-दोघे, हातात उत्पन्नाचे दाखले आणि बँकेची पासबुके. आणि नेट चालेना. पान अर्धे उघडायचे आणि अडकून बसायचे. "बाई, पुन्हा पहिल्यापासून भरू का?" हा प्रश्न दर मिनिटाला कानांवर येत होता.

कक्षाच्या कपाटात प्रॉक्सीची एक पेटी आहे. शाळेतले सगळे संगणक तिच्यामार्फतच बाहेरच्या जगाशी बोलतात. आमच्या एका सरांनी तिच्या पडद्यावर चालू जोडण्यांची यादी उघडली. बहुतेक संगणकांच्या नावावर पंधरा-वीस ओळी होत्या. सतरा नंबरच्या संगणकाच्या नावावर मात्र ४१२! "सतरा नंबरवर कोण बसलंय?" नववीतला एक मुलगा उठून उभा राहिला. त्याला संगणकावरच्या खेळांचा नाद, हे सगळ्यांना माहीत. निकाल तिथेच लागला. तो मात्र एवढेच म्हणत राहिला, "सर, मी काहीच केलं नाही."

तो खरे बोलत होता. ते आम्हाला कसे कळले, हे समजून घेण्यासाठी आधी ही पेटी काय करते ते पाहू.

दुसऱ्याच्या वतीने

'प्रॉक्सी' हा शब्द आपल्याला नवा नाही. गैरहजर मित्राच्या वतीने वर्गात 'हजर' म्हणणे म्हणजे प्रॉक्सी देणे, हे कॉलेजात गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. कायद्याच्या भाषेत हाच मुखत्यार. संगणकाच्या जाळ्यातला प्रॉक्सीही मुखत्यारच आहे. तुमचा संगणक त्याला म्हणतो, "मला अमुक पान हवे आहे." मुखत्यार स्वतःच्या नावाने ते मागवतो आणि आणून देतो. पलीकडच्या संगणकाला दिसतो तो मुखत्याराचा पत्ता, तुमचा नाही.

ही कल्पना वर्ल्ड वाइड वेबइतकीच जुनी म्हणता येईल. वेबचा जन्म जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत झाला. १९९४ साली जिनिव्हातच वेबविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी वेब-प्रॉक्सीवर निबंध सादर केला. १९९६ पासून 'स्क्विड' ही मुक्त प्रणाली मिळू लागली आणि ती आजही वापरात आहे. स्क्विड म्हणजे आपल्या कोकणातला माकूळ. एक धड आणि पुष्कळ हात, हे नाव प्रॉक्सीला शोभतेच!

त्या काळी प्रॉक्सीचा मोठा फायदा साठवणीचा होता. एकाने मागवलेले पान प्रॉक्सी जपून ठेवी आणि दुसऱ्याने मागितले की घरचेच देई. आज बहुतेक पाने कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस पद्धतीने येतात. अशा वेळी प्रॉक्सी फक्त दोन टोकांमध्ये एक बोगदा जोडून देतो. बोगद्याचे दुसरे टोक कोणत्या नावाच्या संगणकाकडे आहे आणि आतून किती बाइट गेले-आले, एवढेच त्याला कळते. आत काय लिहिले आहे ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते साठवून पुन्हा देताही येत नाही. म्हणून आज प्रॉक्सीचे मुख्य काम म्हणजे नियम लावणे आणि नोंद ठेवणे.

जोडणी जन्मते आणि संपते

शाळेच्या कार्यालयात आवक-जावक वही असते. प्रॉक्सीपाशीही तशीच वही असते, पण ती क्षणाक्षणाला बदलते. तिच्या एका ओळीत मुख्य गोष्टी पाच: मागणाऱ्याचा पत्ता, मागणाऱ्याचे दार, देणाऱ्याचा पत्ता, देणाऱ्याचे दार आणि बोलण्याची पद्धत. दार म्हणजे पोर्ट. एका पत्त्याला ० ते ६५,५३५ अशा क्रमांकांची दारे असतात. एचटीटीपीएससाठी ठरलेले दार ४४३ आणि स्क्विडचे नेहमीचे दार ३१२८. या पाच गोष्टींची जुळणी एका वेळी एकाच जोडणीची असते, म्हणून एकाच संगणकाच्या शेकडो जोडण्यांची सरमिसळ होत नाही.

जोडणी सुरू होते ती फोनवरच्या बोलण्यासारखी. "हॅलो, ऐकू येतंय का?" "येतंय, तुम्हाला येतंय का?" "हो, येतंय." या तीन निरोपांनंतरच कामाचे बोलणे सुरू होते. टीसीपी या पद्धतीचा हा नियम १९८१ च्या प्रमाणपत्रिकेत नोंदवलेला आहे.

निरोप घेण्याची रीतही ठरलेली आहे. दोन्ही बाजू "माझे बोलणे संपले" असे सांगतात. पण जी बाजू आधी फोन ठेवते, ती आपल्या वहीतली ओळ लगेच खोडत नाही. वाटेत रेंगाळलेले एखादे पाकीट उशिरा पोचले, तर ते नव्या जोडणीचे समजले जाऊ नये म्हणून ती थोडा वेळ थांबते. या अवस्थेला 'टाइम-वेट' म्हणतात. लिनक्समध्ये हा काळ ६० सेकंदांचा असतो. म्हणजे वहीत दिसणारी प्रत्येक ओळ जिवंत असतेच असे नाही.

४१२ ओळींचे कोडे

आम्ही एक साधा प्रयोग केला. सतरा नंबरपुढून सगळ्यांना उठवले, कळफलकाला कोणी हात लावायचा नाही असे ठरवले आणि पाच मिनिटे थांबलो. मुलगा लांब भिंतीशी उभा होता. आकडा चारशेच्या आसपासच राहिला. म्हणजे त्या ओळींचा त्या मुलाशी संबंध नव्हता.

मग ओळी नीट वाचल्या. जवळजवळ सगळ्या टाइम-वेटमधल्या आणि सगळ्या एकाच पत्त्याच्या मागणीच्या. उलगडा झाला. आठवड्यापूर्वी आम्हीच त्या पेटीवर काही पत्त्यांना बंदी घातली होती. सतरा नंबरवरच्या एका प्रोग्रॅमला आपली नवी आवृत्ती आणायला नेमक्या अशाच एका पत्त्यावर जायचे होते. प्रॉक्सी "नाही" म्हणे आणि जोडणी संपवी. प्रोग्रॅम लगेच पुन्हा विचारी. सेकंदाला सुमारे सात वेळा.

आता हिशेब करा. सेकंदाला ७ नव्या ओळी, आणि प्रत्येक ओळ ६० सेकंद वहीत राहणार. मग कोणत्याही क्षणी वहीत किती ओळी दिसतील? ७ × ६० = ४२०. आम्हाला ४१२ दिसल्या. बँकेतल्या रांगेलाही हाच नियम लागू आहे: येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ, म्हणजे आत असलेली माणसे.

बंदी उठवली. मिनिटाभरात ओळी ११ वर आल्या. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि अर्ज उघडले. नेट तितकेच मंद!

एक ओळ पुरते

आमची चूक अशी की आम्ही ओळी मोजत होतो, ओझे मोजत नव्हतो. 'नाही' हे उत्तर चार शब्दांचे. अशी चारशे उत्तरे मिळूनही फारसे ओझे होत नाही. मग यादी गेलेल्या बाइटांप्रमाणे लावली. सर्वांत वर एकच ओळ आली. वय २ तास १० मिनिटे, बाहेर पाठवलेली माहिती सुमारे ९०० मेगाबाइट. ९०० मेगाबाइट म्हणजे ७,२०० मेगाबिट, आणि २ तास १० मिनिटे म्हणजे ७,८०० सेकंद. भागाकार ०.९२. आमच्या लाइनची बाहेर पाठवण्याची क्षमताच सेकंदाला १ मेगाबिट. जावक रस्ता त्या एका ओळीने जवळजवळ संपूर्ण अडवला होता.

पण मुलांची पाने तर आत येत होती. जावक रस्ता अडला तर आवक का थांबावी? कारण टीसीपीमध्ये मिळालेल्या पाकिटांची पोच द्यावी लागते. ती पोच जावक रस्त्याने जाते. रस्ता तुंबला की पोच उशिरा मिळते, आणि पोच मिळेपर्यंत पाठवणारा पुढची पाकिटे रोखून धरतो. मनीऑर्डरची पोच आल्याशिवाय पुढची मनीऑर्डर करायची नाही, असे ठरवल्यासारखेच हे.

ती ओळ शिक्षक-खोलीतल्या संगणकाची होती. स्नेहसंमेलनाचे फोटो ऑनलाइन साठवणीत चढत होते. ते सकाळी कोणी लावले होते? मीच. मी जाऊन ते थांबवले आणि काही सेकंदांत पाने उघडू लागली. संध्याकाळपर्यंत सगळे अर्ज गेले. त्याआधी मी आणि सर त्या मुलाकडे गेलो, आणि ज्यांच्यादेखत त्याला उभे केले होते त्यांच्यादेखतच त्याची माफी मागितली.

व्यवस्थापन म्हणजे काय?

या प्रसंगानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या.

पहिली, जुनी नोंद आणि चालू यादी वेगवेगळ्या आहेत हे लक्षात ठेवायचे. स्क्विडच्या नोंदवहीत मागणी पूर्ण झाल्यावरच ओळ लिहिली जाते. आमच्यासारखा दोन तास चालू असलेला बोगदा तिथे सापडलाच नसता. तो चालू जोडण्यांच्या यादीतच दिसतो.

दुसरी, संशयित ओळ दिसली की लगेच तोडायची नाही. पेटीवर जोडणी तोडण्याची सोय असते, पण त्या ओळीच्या टोकाला कुणाचा अर्धा भरलेला अर्ज असू शकतो. शिवाय कारण तसेच राहिले तर प्रोग्रॅम पुन्हा जोडणी करतोच.

तिसरी, भुताच्या ओळींकडे लक्ष ठेवायचे. वीज गेली की संगणक निरोप न घेताच बंद पडतात. पेटी बॅटरीवर असेल तर तिच्या दृष्टीने त्या जोडण्या चालूच असतात. लिनक्सच्या जोडणी-तक्त्यात अशी ओळ, आपण काही बदल केला नाही, तर ४,३२,००० सेकंद राहते. म्हणजे पाच दिवस! २४ संगणक, प्रत्येकाच्या २० ओळी आणि दिवसातून तीनदा वीज गेली, तर पाच दिवसांत ७,२०० भुते जमतील. तक्त्याला मर्यादा असते. तो भरला की नव्या जोडणीला जागा मिळत नाही. म्हणून हा काळ कमी करून ठेवणे बरे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: ही वही संगणकाचा पत्ता सांगते, माणसाचे नाव सांगत नाही. किती जोडण्या हे सांगते, का ते सांगत नाही. मुले कुठे कुठे जातात याची नोंद आपल्या हाती असणे ही जबाबदारी आहे. ती कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, हे आधी ठरवावे आणि मुलांनाही सांगावे.

वर्गात करून पाहा

बारा मुले संगणक होतील, चार मुले व्हरांड्यात उभी राहून ग्रंथालय, बँक, हवामान खाते आणि दुकान होतील. दाराशी एक मुखत्यार, हातात वही. चिठ्ठ्या फक्त त्याच्यामार्फतच जातील. प्रत्येक चिठ्ठीची एक ओळ, आणि उत्तर पोचल्यावर एक मिनिटाने ती खोडायची. आता दर दहा सेकंदांना एकच चिठ्ठी पाठवा. उत्तर चटकन मिळत असेल, तर वहीत एका वेळी किती ओळी उघड्या राहतात ते मोजा. सहाच्या आसपास येतील.

मग अचानक म्हणा, "वीज गेली!" अर्ध्या मुलांनी डोके बाकावर टेकायचे. वहीतल्या कोणत्या ओळी आता खोट्या आहेत, हे मुखत्याराला नुसती वही पाहून ओळखता येते का, हे त्याला विचारा.

शाळेत नेट असेल तर विंडोजच्या आज्ञा-चौकटीत 'नेटस्टॅट' ही आज्ञा देऊन आपल्या संगणकाच्या जोडण्या पाहा. काहीही उघडलेले नसतानाही काही ओळी दिसतील. त्या कुणाच्या, याचा शोध मुलांना घेऊ द्या. मात्र उत्तर हाती येण्याआधी कुणाला उभे करू नका.