कुठलं पान काढायचं, कुठलं ठेवायचं

कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर झाला आणि ओंटारिओत घरटी चार झाडं लावायची मुभा मिळाली. चारच झाडं असली की माणूस डोळ्यांत तेल घालून त्यांच्याकडे बघत बसतो. रोज बघितलं की काहीतरी करावंसं वाटतं, आणि करण्यासारखं सगळ्यांत सोपं काम म्हणजे पानं तोडणं.

मिसिसागाला माझ्या मावसभावाच्या परसात अशी झाडं आहेत. लावली त्याच्या मुलानं. दादा स्वतः कशाला शिवत नाही, पण तो निफाडचा, द्राक्षबागेत वाढलेला. वेलीची पानं काढताना बघतच मोठा झालेल्या माणसानं कुंपणालगत कमरेपार गेलेली झाडं बघून गप्प बसणं शक्यच नव्हतं.

सप्टेंबर लागला होता. ऑगस्टच्या सुमारास रात्री पुरेशा मोठ्या झाल्या की हे झाड फुलावर येतं. शेंड्यांवर पांढरे केसर दिसत होते, आणि मुलगा कात्री घेऊन तयार.

"बाबा, ही मोठी पानं खालच्या कळ्यांचं ऊन अडवतायत. काढू सगळी?"

"अडवतायत म्हणजे ते ऊन खातायत ना? खाऊ दे की."

मुलानं बघितलेले व्हिडिओ होते घरातल्या तंबूतल्या लागवडीचे. तिथे दिवा वर टांगलेला, जागचा न हलणारा. वरच्या पानाची सावली खालच्या कळीवर दिवसभर तशीच राहते. म्हणून तिथले लोक फुलोऱ्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास झाड जवळजवळ ओरबाडतात, आणि त्याचा किती फायदा होतो यावर त्यांचंही एकमत नाही. परसातलं ऊन सकाळी एका कुशीवर असतं, संध्याकाळी दुसऱ्या. तंबूतला हिशोब इथे लावण्यात अर्थ नाही.

दादाचा हिशोब वेगळा. द्राक्षाच्या एका घडाला पोसायला काडीवर 15-16 पानं लागतात, हे तो पाढ्यासारखं म्हणतो. गांजाच्या कळीला किती लागतात हा आकडा त्याच्याकडे नाही, पण तत्त्व तेच: कळीतला माल पानात शिजतो. पाच, सात, नऊ बोटांची हिरवीगार पानं खुडायची आणि कळी भरायची वाट बघायची, हे त्याला पटत नाही. मलाही पटलं नाही.

मग काहीच काढायचं नाही का? त्यानं मुलाला झाडाच्या पोटात हात घालायला सांगितलं. "दमट लागतंय?" लागत होतं. आतली पानं रात्रीच्या दवानं एकमेकांना चिकटलेली, दहा वाजले तरी ओली. इथल्या शरदातली खरी भीती हीच. थंडी, दव, पाऊस आणि घट्ट भरत चाललेली कळी एकत्र आली की करडी बुरशी धरते. द्राक्षाचे घड सडवणारी बोट्रायटिस ती हीच. कळीतलं एखादंच बारीक पान अचानक वाळलेलं दिसतं, ओढलं की अलगद हातात येतं; तोवर आतला गर तपकिरी झालेला असतो.

तेव्हा कात्री चालली ती हवेसाठी. आधी जमिनीला टेकलेली पानं. मग पिवळी पडलेली. मग आतल्या अंगाच्या, ऊन कधीच न बघणाऱ्या बारीक फुटी. दादा त्यांना द्राक्षबागेतल्यासारखं सरळ फेलफुटीच म्हणत होता. शेवटी चिकटलेल्या पानांच्या जोडीतलं एक, देठाशी कापून. कात्री दर झाडानंतर स्पिरिटनं पुसायची. वरची, बाहेरची पानं जिथल्या तिथे. एवढं झाल्यावर आठवडाभर झाडाला हात लावायचा नाही, हे मुलाला सगळ्यांत जड गेलं.

आपोआप फुलणाऱ्या बुटक्या जातींना तर एवढीही कात्री लावू नये. त्यांचं आयुष्यच काही आठवड्यांचं, जखम भरून काढायला त्यांना सवड नसते.

काढलेली पानं कंपोस्टात गेली. त्यावरून भारतातल्या कायद्याचा विषय निघाला. तिथे परवान्याशिवाय झाड लावणं गुन्हा आहे, पण 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यानं गांजा म्हणजे फुलाफळांचे शेंडे. शेंड्याविना नुसती पानं त्या व्याख्येत बसत नाहीत. काही राज्यांत भांग उघड विकली जाते ती या फटीतून. पोराला हे ऐकून भलतीच गंमत वाटली.

सप्टेंबरअखेर मोठी पानं खालून पिवळी पडू लागली तेव्हा तो घाबरला, खत आणायला निघाला. गरज नव्हती. शेवटी शेवटी झाड जुन्या पानांतला नत्र ओढून कळीकडे पाठवतं. अशी पानं बोट लावलं की गळतात.

कापणी कडाक्याच्या हिमाआधी उरकली. आता तरी पानं साफ करू, म्हणून तो बसला, तर दादानं परत अडवलं. ऑक्टोबरात घरातला हीटर सुरू होतो, हवा कोरडी होते आणि उघडी कळी फार झटकन वाळते. कळीभोवतीची बारीक पानं असली की वाळणं संथ होतं. फांद्या पानांसकट तळघरात उलट्या टांगल्या, काडी वाकवल्यावर कटकन मोडायला लागली तेव्हा कुठे कात्री बाहेर आली.